बिरडं

कर्जत-खालापुरात भातकापणी उरकली की त्याच शेतांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडी आणि दहिवर यांवर पोसलेल्या या कडव्या वालांचं बिरडं इथल्या घरोघरी शिजतं.

बिरडं म्हणजे वालच, असं आपण धरून चालतो. पण शब्दात वाल कुठेच नाही. मूळ संस्कृत ‘विरूढ’, म्हणजे मोड आलेलं. सुश्रुतसंहितेत मोडाच्या धान्याला ‘विरूढक’ म्हटलं आहे. ‘व’चा ‘ब’ झाला, ‘ढ’चा ‘ड’ झाला. धातू ‘रुह्’, उगवणं, वाढणं. ‘आरोह’, ‘रूढ’, ‘रूढी’ हे शब्द त्याच कुळातले. नाव मोडांचं आहे, म्हणूनच मुगाचंही बिरडं होतं.

हिवाळ्यात हा अर्थ हाताला कळतो, कारण गारठ्यात मोड लवकर येत नाहीत. आई भिजलेले वाल फडक्यात घट्ट बांधून चुलीच्या उबेला ठेवायची. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायची : साल बोटांत, डाळिंबी पातेल्यात. मग जिरं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, आमसूल, गुळाचा खडा. ढवळायचं बेतानं, डाळिंबी अख्खी राहिली पाहिजे. मीही तसंच करते.

सोललेल्या डाळिंब्या आता बाजारात मिळतात, घाईच्या दिवशी उपयोगी पडतात. तरी मोड काढायला मुलांना शिकवायलाच हवं. या पदार्थाचं नावच त्या कृतीवरून पडलं आहे, आणि रूढी टिकते ती हातांनीच.