अहमदनगरची पहिली मंडळी

अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील सर्वांत जुनी प्रॉटेस्टंट मंडळी. स्थापना १८३३. परंपरा काँग्रिगेशनल. मातृसंस्था बॉस्टनचे अमेरिकन बोर्ड आणि त्याची पश्चिम भारतातील शाखा अमेरिकन मराठी मिशन. मराठी मुद्रण, मुलींच्या शाळा, नियतकालिके आणि भक्तिगीत या चारही क्षेत्रांच्या इतिहासात मिशनच्या या केंद्राचे नाव येते. प्रस्तुत नोंदीत गीत आणि कीर्तनाला जास्त जागा दिली आहे. मंडळीचा कारभार, पैसा आणि धर्मशास्त्र यांवर परदेशी मिशनऱ्यांचा हात दीर्घकाळ राहिला. गाण्यात मात्र मराठी माणूस फार लवकर स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

पूर्वपीठिका व स्थापना

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे पहिले दोन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते आणि त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले. त्याच वर्षी कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि दोघे टिकले. पाठोपाठ छापखाना आला, १८१७ पासून मराठी छपाई सुरू झाली. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने दगावले. अमेरिकन मिशन छापखान्याचा मराठी मुद्रणावरचा ठसा मोठा आहे. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी पोरवयात तिथेच टाइप घडवण्याचे काम शिकले.

डिसेंबर १८३१ मध्ये अ‍ॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी नगरला आले. सोबत बाबाजी रघुनाथ मराठे हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. शहरात अंध, पंगू आणि निराधारांसाठी एक आश्रयगृह होते. सुरुवातीचे प्रवचन आणि शिकवण तिथेच झाली आणि मंडळीचे पहिले सभासद बहुतांशी तिथलेच. पण जम बसण्याआधीच पटकीने गाठले. १८३२ मध्ये हर्वी गेले, १८३३ मध्ये बाबाजी. रीड यांनी बाबाजींचे चरित्र इंग्रजीत लिहून १८३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केले. त्यामुळे बाबाजींविषयी बरेच कळते, पण जे कळते ते सगळे मिशनऱ्याच्या नजरेतून. आश्रयगृहातल्या त्या पहिल्या सभासदांचे चरित्र कोणी लिहिले नाही.

श्रद्धा व शिस्त

श्रद्धेचा गाभा धर्मसुधारणेच्या परंपरेतला: त्रैक्य देव, येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाने व पुनरुत्थानाने मिळणारे तारण, ते तारण कर्माने नव्हे तर कृपेने व विश्वासाने, आणि श्रद्धेच्या बाबतीत पवित्र शास्त्र हा अंतिम अधिकार. विधी दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. सभासदांच्या लहान मुलांना बाप्तिस्मा देण्याची चाल आहे. उपासनेत शास्त्रवाचन, प्रार्थना, उपदेश आणि गीते. वेदीचा थाट नाही.

काँग्रिगेशनल पद्धतीत बिशप नसतो. सभासद एकमेकांशी व देवाशी करार करून मंडळी बनवतात. पाळक कोण असावा, नवा सभासद घ्यावा की नाही, चुकलेल्याला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवावे का, हे मंडळीच ठरवते. पिढ्यानपिढ्या गावाच्या चावडीत बोलण्याचा हक्क नसलेल्या महार आणि मांग कुटुंबांतले सभासद अशा सभेत मत देऊ लागले, ही गोष्ट साधी नव्हती. प्रभुभोजनात सर्वांनी एकाच भाकरीचा आणि एकाच प्याल्याचा वाटा घ्यायचा असल्याने जातीचा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येई. मिशनची भूमिका स्पष्ट होती: जात पाळणाऱ्याला सभासदत्व नाही. घरोघरी व्यवहारात ती कितपत उतरली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

पाळक आणि पैसा

१८५४ च्या अखेरीस अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन नगरला आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, हा त्यांचा आग्रह. त्याच भेटीत हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना दीक्षा देऊन नगरच्या मंडळ्यांचे पाळक नेमले गेले. दोघेही १८३९ च्या सुमारास ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. पश्चिम भारतातील मंडळ्यांच्या दृष्टीने हा मोठा टप्पा होता.

अँडरसन यांच्या धोरणाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. शिक्षण मातृभाषेतच द्यावे, या भूमिकेमुळे मिशनची इंग्रजी शाळा बंद झाली. इंग्रजी हाच सरकारी नोकरीचा मार्ग होता आणि ख्रिस्ती कुटुंबांतल्या तरुणांसाठी तो काही काळ अरुंद झाला. पुढे धोरण बदलले.

पाळकाचा पगार हा प्रश्न पुढेही पिच्छा सोडेना. सभासद बहुतेक खेड्यांतले शेतमजूर आणि बलुतेदार, रोख पैसा हातात क्वचितच. बाहेरून पगार येई तिथे निर्णयही बाहेरून येत. आसपासच्या मंडळ्यांनी मिळून ‘ऐक्य’ नावाचा संघ उभा केला. त्याच्या वार्षिक मेळ्याला गावोगावचे ख्रिस्ती नगरात जमत.

१८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनने धान्य, मजुरी आणि अनाथांसाठी आसरा दिला. या काळात आणि नंतर बाप्तिस्म्यांची संख्या एकदम वाढली. भुकेपोटी धर्मांतर झाले, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. दुष्काळ सरल्यावरही अनेक कुटुंबे पिढ्यानपिढ्या मंडळीत राहिली, हेही तितकेच खरे.

ह्यूम प्रकरण

रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) हे मिशनरी घराण्यातले, जन्म मुंबईचा. १८७४ मध्ये ते नगरला आले आणि १८७८ मध्ये त्यांनी ईश्वरविज्ञानाची शाळा काढली. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी एका जाहीर भाषणात तिथल्या अँडोव्हर ईश्वरविज्ञान विद्यालयातल्या धर्मशास्त्रज्ञांची बाजू घेतली. वाद असा: ज्याने आयुष्यात ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही, त्याला मरणानंतर ते ऐकण्याची संधी मिळेल का? जुन्या मताचे लोक म्हणत, नाही. ह्यूम यांना ती आशा सोडवत नव्हती. बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना परत पाठवण्यास नकार दिला. बराच खल होऊन अखेर १८८७ मध्ये ते नगरला परतले.

हा वाद न्यू इंग्लंडच्या सभागृहांत रंगला, पण त्याचे मर्म नगरच्या घरांत होते. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न स्वतःविषयी नसे. माझा बाप कुठे असेल, आजी कुठे असेल, हे तो विचारी. त्या प्रश्नाला जन्मभर तोंड देणाऱ्या पाळकाने कठोर उत्तर नाकारले आणि त्यासाठी स्वतःचे पद पणाला लावले. मंडळीच्या श्रद्धेच्या इतिहासात या प्रसंगाचे मोल एखाद्या ठरावापेक्षा मोठे आहे. ह्यूम १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत बोलले. दुष्काळातील कामासाठी त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

गायन व कीर्तन

सुरुवातीची मराठी गीते अमेरिकन चालींत बसवलेली होती. मिशनरी हेन्री बॅलेंटाइन यांनी त्यांचे संग्रह केले. जून १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे पहिले संपादकही तेच. पण अशा परक्या चालीत मराठी शब्द ओढूनताणून बसतात: ऱ्हस्व अक्षर लांबते, आघात भलत्या जागी पडतो आणि ओवी-अभंगावर वाढलेला कान बिचकतो.

हा अडसर दूर करण्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांचा वाटा मोठा. फेअरबँक नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला राहात. पक्षी आणि गोगलगायी यांचे ते जाणकार संग्राहक होते. पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. ज्या कानाने ते पक्षी ओळखत त्याच कानाने त्यांनी खेड्यातले गाणे ऐकले असावे. ख्रिस्ती कीर्तनाला त्यांनी भरघोस पाठिंबा दिला, आणि सांगळे यांनी त्यासाठी पदे रचली व स्वतः कीर्तने केली.

या कीर्तनाची मांडणी ओळखीची. संध्याकाळी महारवाड्यात किंवा चावडीपुढे कंदील लागे. टाळ आणि मृदंग असत, वीणाही असे. पूर्वरंगात शास्त्रातले एक वचन घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यान कधी उधळ्या पुत्राचे, कधी योसेफाचे, आणि त्याला साकी, दिंडी, ओवी, अभंगाची जोड. उधळा पुत्र परत येताना बाप वाटेवर धावत जातो, तिथे श्रोत्यांतल्या बाया डोळ्यांना पदर लावत. उपदेशाला न येणारी माणसे कीर्तनाला येत. हरिकीर्तनाचे रूप ख्रिस्ती आशयासाठी घेण्यावर मंडळीत कुरबूरही झाली, पण रूप टिकले.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी या परंपरेला कळस चढवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर ते नगरला ईश्वरविज्ञानाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ मध्ये ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादकपद. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा होती. मराठी मंडळ्यांत आजही वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या संग्रहाचा मोठा हिस्सा त्यांचा आहे. नगरच्या त्यांच्या घरी तरुण बालकवी ठोंबरे येऊन राहिले होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे सर्व ख्रिस्तभक्त तिच्यात सामावणार होते. मंडळीच्या सीमेबाहेर जाणारी ही कल्पना अनेकांना रुचली नाही. दोन वर्षांत टिळक गेले आणि ती मागे पडली. परदेशी पैशाशिवाय, मराठी रूपात ख्रिस्तभक्ती, हे अँडरसन यांनी कागदावर लिहिलेले धोरण प्रत्यक्षात आणायला निघालेला माणूस टिळकच, असे या नोंदीचे मत आहे.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात नगरच्या ख्रिस्ती समाजाचे जे आतले चित्र मिळते, ते मिशनच्या कुठल्याही अहवालात नाही. परक्या हातचे पाणी पिण्यापर्यंतचा प्रवास त्यांनी पायरीपायरीने आणि काही न लपवता सांगितला आहे. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरे केले.

शाळा, दवाखाना, माग

सिंथिया फरार या अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित शिक्षिकांपैकी एक. १८२७ मध्ये त्या मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला, आणि १८६२ मध्ये तिथेच निवर्तल्या. जोतीराव फुले यांनी त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते.

डॉ. जुलिया बिसेल यांचे स्त्रिया व मुलांसाठीचे रुग्णालय १९०४ चे. १९३९ मध्ये ते साल्व्हेशन आर्मीकडे गेले. मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी सुधारित हातमाग तयार केला. अहमदनगर महाविद्यालय १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्थापले.

शाळेबाहेरचे शिक्षण बायबलबाया देत: गावोगाव फिरून स्त्रियांना वाचन व शास्त्र शिकवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती स्त्रिया.

ऐक्य व विलीनीकरण

१९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया उभे राहिले. ह्यूम त्याचे पहिले मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ते अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आदी मंडळ्यांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले. या नव्या चर्चने बिशपपद स्वीकारले, तसेच बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा असे दोन्ही मान्य केले. बिशप नसलेल्या परंपरेतल्या सभासदांना हा बदल जड गेला.

मिशनचा पत्रव्यवहार अमेरिकेत हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जतन आहे. ‘ज्ञानोदय’चे जुने अंक हे मराठीतले सर्वांत भरघोस साधन आहे. सभासदांची पत्रे, मंडळ्यांतले वाद, निधनवार्ता आणि नवी गीते त्यांत विखुरलेली आहेत.