कापूस एकाधिकार आणि वऱ्हाडची प्रादेशिक अस्मिता

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या प्रदेशाच्या सुबत्तेची द्योतक आहे. इ.स. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढे अमरावती व अकोला ही कापसाच्या व्यापाराची प्रमुख केंद्रे बनली. १९७२ मध्ये महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. समाजवादी धाटणीच्या या व्यवस्थेत शासन हेच एकमेव खरेदीदार ठरले. परिणामी भावाविषयीचा असंतोष व्यापाऱ्याऐवजी शासनाकडे वळला आणि मुंबईतील सत्ताकेंद्राविषयीची जुनी प्रादेशिक तक्रार अधिक तीव्र झाली.

१९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या काळात हा एकाधिकार क्षीण होत गेला व २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीस वाट मोकळी झाली. शासनाचा आधार सुटला. परंतु त्याच्याकडून असलेली अपेक्षा संपली नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांपैकी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे जुन्या वऱ्हाडातील होते. तरीही ते ‘विदर्भ पॅकेज’ म्हणूनच ओळखले गेले. सारांश, सुबत्तेने घडविलेले ‘वऱ्हाड’ हे नाव संकटकाळात मागे पडले व अनुशेषाची भाषा बोलणारी ‘विदर्भ’ ही ओळख पुढे आली.