वणव्याची मोजदाद

दिवाळीच्या पणतीत अग्नी किती शहाण्यासारखा वागतो! तोच अग्नी मोकळा सुटला म्हणजे काय करतो, ते मी एका फाल्गुनात घणसोलीतून पाहिले. गवळीदेवाच्या डोंगरावर प्रथम एक पिवळी रेघ दिसली. पाहता पाहता वाऱ्याने ती माथ्याला नेऊन भिडवली. “गुरुजी, होळी आधीच पेटली का?” एका पोराने विचारले. मला उत्तर सुचले नाही.

सकाळी आम्ही चारपाच जण वर गेलो. राख अजून ऊन होती. एक सरडा दगडाला चिकटून कोळसा झाला होता. टिटवीची अंडी तडकली होती आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालीत होती.

मला महाभारतातले खांडववन आठवले. ते वन अग्नीने गिळले. पण व्यासांनी वाचलेल्यांची नोंद ठेवली. तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मयासुर आणि जरितेची चार पिल्ले! आमच्या डोंगरावर कोण मेले, कोण वाचले, याची मोजदाद कुणी केली?

आग आमच्या वाडवडिलांनाही परकी नव्हती. भाताच्या रोपांसाठी ते पालापाचोळा व शेण वाफ्यावर पसरून राब भाजीत. त्याने तण मरे आणि रोप तरारून येई. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर या राबासाठी फांद्या तोडण्यावरून ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष माजला, की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. ज्याला डोंगराचा पाला हवा, तो डोंगर जळू कसा देईल? रान पेटले, की ओल्या फांद्या घेऊन माणसे धावत.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे भाताची खाचरे शहराखाली गेली. त्याआधीच गाव आणि डोंगर यांच्यामध्ये कारखाने येऊ लागले होते. राब गेला, तशी डोंगराची गरजही गेली. आता कुणाची तरी विडी किंवा काडी वाळल्या गवतावर पडते आणि आपण गच्चीवरून पाहतो.

पाहणाऱ्यालाही अभय नाही. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात हौसेने फिरायला गेलेली माणसे वणव्यात सापडली. वीसहून अधिक दगावली. वाळके गवत पेटले, की चढणीवर ज्वाळा माणसापेक्षा वेगाने धावतात. मागे उरते उघडी माती, आणि तीही पहिल्या पावसात ओढ्याने खाडीला जाते.

वाचकहो, तुम्ही हे वाचाल तेव्हा डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागले असेल. गवत काढून मातीचा पट्टा मोकळा ठेवला, म्हणजे आग तिथे अडते. त्याला जाळरेषा म्हणतात. होळीला अजून चार महिने आहेत. वनखात्याला विचारून, विळे घेऊन, यंदा पोरांसह वर जावे म्हणतो. त्या पोराच्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे.