क्वारंटाईन : रोगाचें कीं माणसाचें?

सांथीच्या काळांत आपल्या किनाऱ्यावर उतरूं पाहणाऱ्या परक्या मनुष्यास कांहीं दिवस थोपवून धरण्याचा अधिकार प्रत्येक देशास आहे, हें कोणीहि समंजस मनुष्य मान्य करील. प्रश्न एवढाच कीं, हे दिवस मोजावयाचे कोणी? वैद्यानें कीं जमावानें? पोट भरण्यासाठीं मुंबईची व मुंबईपलीकडची वाट धरणाऱ्या आम्हां कोंकणवासीयांना तर हा प्रश्न घरचाच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा, रोगी ओळखला. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस 'नादरी' व 'कुर्लंड' या दोन आगबोटी मुंबईहून दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतीकडे निघाल्या. 'कुर्लंड'वर मोहनदास गांधी, कस्तुरबाई व मुलें होतीं. दोन्ही बोटींवर मिळून सुमारें ८०० उतारू होते, असें गांधींनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे.

१८ डिसेंबरास बोटी डर्बनला पोंचल्या, तेव्हां त्यांवर प्लेगचा एकहि रोगी नव्हता. मुंबई सोडल्यापासून २३ दिवस भरावेत असें वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं प्रथम सांगितलें. त्या हिशोबानें फार तर पांच दिवस उरले होते. परंतु मुदतीमागून मुदत वाढत गेली. इकडे गांवांत गोऱ्यांच्या सभा भरल्या, आणि उतारूंनीं परत फिरावें, भाडें आम्ही देऊं, असे निरोप येऊं लागले. धमक्याहि आल्या. तथापि उतारू डगमगले नाहींत. १३ जानेवारी १८९७ रोजीं, म्हणजे २६ व्या दिवशीं, त्यांचे पाय जमिनीस लागले. त्याच दिवशीं भर रस्त्यांत जमावानें गांधींना मारहाण केली. पोलिस सुपरिंटेंडेंटच्या पत्नी मिसेस अलेक्झांडर छत्री उघडून मध्यें उभ्या राहिल्या, म्हणूनच ते वांचले.

आतां वैद्यकाचें माप पाहावें. त्याच वर्षीं व्हेनिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें प्लेगसाठीं दहा दिवसांची मुदत मान्य केली. डर्बनला पोंचेपर्यंत दोन्ही बोटींनीं तेवढे दिवस समुद्रावरच घालविले होते. शिवाय नाताळनें १८९७ मध्येंच आगंतुकांना प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याअन्वयें नव्यानें येणाऱ्यास युरोपीय भाषेंत अर्ज लिहितां आला पाहिजे, अशी अट आली. ज्यास केवळ मराठी वा गुजराती अक्षर येतें, त्याच्या अंगीं प्लेग नसला तरी तो बाहेरच! सांथ हें निमित्त होतें, हें याहून स्पष्ट कोणत्या शब्दांत सांगावें?

पहारा आमच्या दारींहि बसला होता. २०२० सालीं करोनाच्या सांथींत, जोग नदीच्या मुखाशीं वसलेल्या आंजर्ल्यापासून थेट तळकोंकणापर्यंत, गणपतीसाठीं येणाऱ्या चाकरमान्यांचा प्रश्न उभा राहिला. कित्येक गांवांचा आग्रह चौदा दिवसांचा होता. राज्य सरकारनें दहा दिवस ठरविले. स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर राहावें लागलें याचें दुःख अनेकांना झालें, आणि तें खोटें नव्हतें. पण दिवस भरले कीं दार उघडत होतें. येणारा कोणती लिपि लिहितो, हें कोणी विचारीत नव्हतें.

पुढेंहि सांथी येतील आणि आमचीं मुलें परदेशीं जातील. तिकडील बंदरावर वा विमानतळावर त्यांना थांबविलें, तर तेवढ्यावरून रागावूं नये. रोगी नाहीं असें ठरल्यावरहि दार बंदच राहतें काय, तें मात्र अवश्य पाहावें. आणि आपल्या गांवच्या वेशीवर आपण उभे असूं, तेव्हां हाच प्रश्न स्वतःसहि विचारावा.