राजकीय अर्थशास्त्राचा पदवी-अभ्यास : सातारा व सांगली

१९१९ साली सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी कऱ्हाडनजीक काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. या संस्थेने १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले आणि 'कमवा व शिका' या तत्त्वाने ग्रंथाध्ययनास श्रमाची जोड दिली. 'श्रम', 'वेतन' या संज्ञांचा अर्थ तेथील विद्यार्थ्यास व्याख्येपूर्वीच अनुभवास येई. परंतु अनुभव म्हणजे संशोधन नव्हे. शेतकऱ्याचा जमाखर्च हेही शास्त्राचे साधन होय, हे धनंजयराव गाडगीळ यांच्या वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाच्या पाहणीने १९४० मध्येच दाखविले होते. कुदळ धरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अशी नोंदवही देणे, हेच पदवी-अध्यापनाचे खरे कार्य होय.