असईचा हुकूम आणि तारेवरची घंटा

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आपल्या पलटणी मांडत होता. उजव्या बाजूच्या पहारे-तुकड्यांचा नायक होता लेफ्टनंट कर्नल ऑरॉक. त्याने बाजूला सरकून मागून येणाऱ्यांना जागा करून द्यायची होती. असई गावातल्या तोफांच्या तोंडी मात्र जायचे नव्हते. ऑरॉक सरकत राहिला तो थेट गावावर. त्याच्यामागे ७४ वी हायलँडर पलटणही गेली आणि त्या दिवसाची सर्वांत भीषण कत्तल तिच्या वाट्याला आली.

लढाई वेलस्लीने जिंकली. पण त्याचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतला मोठा वाटा या एका चुकलेल्या चालीचा होता. घोडेस्वार, बिगूल, नगारा आणि निशाण एवढीच हुकूम पोचवण्याची साधने त्या काळी होती. या साधनांनी हुकूम जाई. तो कसा समजला गेला, हे मात्र परिणामावरूनच कळे.

दूर अंतरावरच्या माणसाला किंवा यंत्राला आज्ञा देण्याचा इतिहास सहसा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी स्वार, मग तार, मग उपग्रह. ही मांडणी अपुरी आहे. आज्ञा किती लवकर पोचली याहून ‘पोचली’ हे उलट कसे कळले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचे एक देखणे उत्तर १८५५ साली इंग्लंडच्या डील बंदरात मिळाले. तिथे उंच मनोऱ्यावर एक मोठा कालगोलक बसवलेला होता. दुपारी बरोबर एक वाजता ग्रिनिचच्या वेधशाळेतून तारेने विजेचा ठोका येई, खटका सुटे आणि गोलक खाली पडे. समुद्रावरचे नाविक तो पाहून आपली घड्याळे लावत. गोलक पडताच त्याच तारेने ग्रिनिचला उलट ठोका जाई. वेधशाळेतल्या माणसाला गोलक दिसत नसे, पण तो पडला हे कळे. दृश्य यंत्र दूरवरून हलवायचे आणि ते हलल्याची पोचही घ्यायची, ही आजच्या यंत्रजाळ्यांची मूळ कल्पना तिथे पुरेपूर दिसते.

हिंदुस्थानात १८५१ साली विल्यम ओशॉनेसीने कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तारवाट सुरू केली. पुढे मद्रास वेधशाळेची वेळ रोज दुपारी चार वाजता तारेने देशभर धाडली जाऊ लागली. हा हुकूम एकतर्फी होता. ठोका आला की घड्याळ जुळवायचे. उलट काही कळवायचे नाही.

निजामाच्या रेल्वेचा मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास जालन्यातून गेला. रेखांशाचा हिशेब केला तर जालन्याचा सूर्य मद्रासच्या घड्याळामागे साधारण साडेसतरा मिनिटे आणि मुंबईच्या पुढे सुमारे बारा मिनिटे चालतो. १ जुलै १९०५ पासून रेल्वेने आजची भारतीय प्रमाणवेळ स्वीकारली आणि सूर्य व घड्याळ यांतले हे अंतर साडेसव्वीस मिनिटांवर गेले. म्हणजे डोक्यावरचा सूर्य बाराची वेळ दाखवी, तेव्हा फलाटावरचे घड्याळ बारा वाजून साडेसव्वीस मिनिटे सांगे. (ही सरासरी झाली, ऋतूप्रमाणे ती थोडी मागेपुढे होते.)

ठोका सगळीकडे एकच गेला, पण मानला सगळ्यांनी नाही. गव्हर्नर फर्ग्युसनने १८८१ साली मुंबईवर मद्रासची वेळ लादू पाहिली, पण त्याला माघार घ्यावी लागली. पुढे प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईची स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत तग धरून राहिली. तारेने घड्याळाचा काटा हलवता येतो. तो मानायचा की नाही, हे नगरवासीयांनी आपल्या हाती ठेवले. रेल्वेत असा पर्याय नव्हता. प्रमाणवेळ रोज १६ वाजता मुख्य स्थानकांना कळवावी, हे कलम भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत पुढेही टिकले.

कारण रेल्वेत घड्याळाच्या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते. त्यातही एकेरी मार्ग असेल तर समोरासमोर टक्कर ठरलेलीच, आणि जालन्याचा मार्ग एकेरी होता. अशा मार्गांसाठी भारतात सर्रास वापरले गेलेले यंत्र म्हणजे नीलचे गोळा-टोकन यंत्र. त्याची रचना थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहे.

दोन शेजारच्या स्थानकांत अशी दोन यंत्रे तारेने जोडलेली असत. पहिला स्टेशन मास्तर ठरावीक ठोक्यांची घंटा देई. पलीकडची घंटा वाजे आणि तिथला मास्तर तेवढेच ठोके परत देऊन ती ऐकल्याचे कळवी. मार्ग मोकळा असेल तर तो आपली कळ दाबून धरी आणि त्या प्रवाहाने पहिल्या यंत्राचे कुलूप सुटे. तेव्हाच पहिल्याला मूठ फिरवून धातूचा एक गोळा बाहेर काढता येई. गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि कडे इंजिनचालकाच्या हाती. तो गोळा पुढच्या स्थानकाच्या यंत्रात पडेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा गोळा निघत नसे. आज्ञा देणारा एकटा काहीच करू शकत नसे. दोन टोकांची संमती यंत्रातच गुंफलेली होती. ऑरॉकच्या बाबतीत नेमकी हीच सोय नव्हती.

आज सभागृहातला प्रक्षेपक, पडदा, ध्वनिवर्धक हे सारे संगणकाच्या जाळ्यावरून चालते. प्रक्षेपकांसाठी जपानी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली पीजेलिंक ही आज्ञाभाषा त्यांपैकी एक. तिच्यात ‘चालू हो’ अशी अक्षरांची छोटी ओळ पाठवली की प्रक्षेपक ‘ओके’ म्हणतो. या ‘ओके’चा अर्थ पडदा उजळला असा नाही, आज्ञा स्वीकारली, एवढाच. खरी स्थिती हवी असेल तर वेगळे विचारावे लागते. तेव्हा एकच अंक परत येतो: ० म्हणजे बंद, १ म्हणजे दिवा लागला, २ म्हणजे थंड होत आहे, आणि ३ म्हणजे अजून तापतो आहे.