भिशी

सभासदांनी ठरावीक मुदतीने सारखा हप्ता भरून जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकाला देण्याची, परस्परविश्वासावर चालणारी बचतीची रीत. पाळी चिठ्ठी टाकून, आपसांत ठरवून किंवा लिलावाने लागते. लिलावात सर्वांत जास्त रक्कम सोडणारा भिशी उचलतो आणि सोडलेले पैसे सभासदांत वाटले जातात. वर्षभर जमवलेल्या पैशातून सभासदांना व्याजाने कर्ज देऊन दिवाळीला मुद्दल व नफा वाटण्याच्या प्रकारालाही महाराष्ट्रात भिशीच म्हणतात. सांगली जिल्ह्यातील अशा भिशांचा अभ्यास डच संशोधक बाउमन यांनी केला. इंडोनेशियातील अरिसान व मेक्सिकोतील तांदा पाळीच्या भिशीच्याच कुळातील.

मानसशास्त्र : बारा जणींनी दरमहा १,००० रुपये भरले, तर पहिली चिठ्ठी जिची निघते तिला १२,००० रुपये अकरा महिने आधी मिळतात, हे बिनव्याजी कर्जच होय. बाराव्या सभासदेला मात्र घरच्या डब्यात साठले असते तेवढेच मिळते, शिवाय बँकेचे व्याज बुडते. बेस्ली, कोट व लाउरी यांच्या १९९३ च्या मांडणीनुसार भिशीमुळे मोठी वस्तू सरासरीने लवकर घेता येते. पण शेवटचा नंबर स्वखुशीने घेणाऱ्यांचे वागणे त्यातून उलगडत नाही, आणि भिशीचे खरे मर्म तिथेच आहे. हातात राहिलेला पैसा खर्च होतो हे माणूस स्वतःबद्दल जाणून असतो, म्हणून तो स्वतःला बांधून घेतो. हप्ता चुकला तर ओळखीच्यांत मान खाली जाते; बँकेच्या बचत खात्यात हा धाक नसतो. मेरी के गुगर्टी यांनी पश्चिम केनियातील अभ्यासातून (२००७) हेच कारण पुढे आणले. मिळणारी रक्कम सोने, फी, फ्रिज अशा कामासाठी आधीच मनात राखलेली असल्याने ती किरकोळीत विरत नाही. रिचर्ड थेलर यांची ‘मनातले हिशेब’ ही कल्पना इथे नेमकी लागू पडते.

नैरोबीच्या किबेरा वस्तीतील विवाहित स्त्रिया नवऱ्याच्या हाती पैसा लागू नये म्हणून अशा गटांत येतात, असे अँडरसन व बालाँ यांचे मत (२००२). ते सर्वत्र लागू पडेलच असे नाही.

जोखीम : भिशी आधी उचललेल्याने पुढचे हप्ते थांबवणे; चालकाने पैसे घेऊन पळणे.

कायदा : चिट फंड अधिनियम, १९८२. घरगुती भिशी बहुधा नोंदणीबाहेर चालते.